यमद्वितीयेची ओवाळणी : दान की दाय?

आज कार्तिक शुद्ध द्वितीया. पंचांगात हिचे नाव यमद्वितीया असे छापलेले असते. आपण तिला भाऊबीज म्हणतो. दिवाळीच्या मंगल दिवसांत हा दिवस असा आहे की ज्याच्या मुळाशी प्रत्यक्ष मृत्यूची देवता उभी आहे, आणि तरीही हाच दिवस सर्वांत गोड मानला जातो. बंगालात याला भाईफोटा म्हणतात, उत्तरेत भाईदूज, नेपाळात भाईटीका. नावे निराळी, भाऊ आणि बहीण तीच.

कथा सर्वांच्या ऐकण्यातील आहे. यम आणि यमुना ही सूर्याची जुळी अपत्ये. यमुना भावाला पुनःपुन्हा जेवावयास बोलावी आणि यमराजाला सवड मिळेना. त्याचा अधिकारच असा की ज्या दारी तो जाई तेथे आकांत होई. आपणहून त्याला कोण बोलावणार? बोलावीत होती ती एक बहीण. अखेर या तिथीस तो तिच्या घरी गेला. तिने त्याला न्हाऊ घातले, औक्षण केले, आपल्या हातचे वाढले. तृप्त झालेल्या यमाने वर मागावयास सांगितले, तेव्हा तिने ना दागिना मागितला, ना राज्य. दरवर्षी या दिवशी माझ्या घरी ये, आणि आज जो भाऊ बहिणीच्या हातचे जेवील त्याला तुझे भय नसावे, एवढेच तिचे मागणे.

यावरून धर्मनिबंधकारांनी नियम केला की या दिवशी पुरुषाने आपल्या घरी जेवू नये, बहिणीच्या घरी जेवावे आणि तिचा वस्त्रादिकांनी सन्मान करावा. सख्खी बहीण नसेल तर चुलत बहिणीकडे, मामेबहिणीकडे, तीही नसेल तर मानलेल्या बहिणीकडे जावे. हे आख्यान लावताना आमचा भर एका गोष्टीवर असतो. भावाने *जावे* असे शास्त्र म्हणते. मनिऑर्डर धाडावी, किंवा आजच्या रीतीप्रमाणे दूरध्वनीच्या यंत्रातून पैसे पाठवून मोकळे व्हावे, असे म्हणत नाही. जाणारा भाऊ बहिणीचे स्वयंपाकघर पाहतो, तिचा चेहरा पाहतो, ती वाढताना हात उचलते की आखडते ते पाहतो. हे पाहणे किती मोलाचे असते, ते पुढे येईलच.

या पानासाठी लिहावयास बसलो तेव्हा मात्र आमच्या डोळ्यांपुढे यमुनेचा तीर नव्हता, काष्टीचा बाजार होता. श्रीगोंदे हे देवळांचे गाव, जुन्या कागदांत चांभारगोंदे म्हणून येते ते. आणि काष्टी हे त्याच तालुक्यातील, दौंड-मनमाड लोहमार्गावरचे गाव. शनिवारी येथे जनावरांचा मोठा बाजार भरतो. सप्ताहाच्या निमित्ताने आमचे या गावी वर्षानुवर्षे जाणे-येणे आहे, आणि बाजाराच्या दिवशी कीर्तनाला बसलेल्या श्रोत्यांच्या उपरण्याला गोठ्याचा वास असतो. जनावर का विकले, असे कोणाला विचारले तर पूर्वी दोन उत्तरे ठरलेली असत : मुलीचे लग्न आणि सोसायटीचा हप्ता. आता तिसरे उत्तर कानी येते, आणि ते एका शब्दाचे असते : "दवाखाना." त्यापुढे विचारू नये असा त्याचा स्वर असतो.

आमच्या परिचयातील एका घराची हकीकत सांगतो. नावे सांगत नाही. सांगण्याचे कारणही नाही, कारण अशी घरे प्रत्येक गावात आहेत. चार भावंडे. थोरला भाऊ काष्टीच्या शिवारात ऊस, थोडी लिंबोणी आणि दोन दुभत्या गाई सांभाळून असतो. धाकटा पुण्याजवळच्या कारखान्यात नोकरीस. एक बहीण कर्जत तालुक्यात दिलेली, दुसरी दौंडला. तीन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेस थोरला कर्जतकडील बहिणीच्या घरी गेला. वय तिचे अठ्ठेचाळीस. ओवाळताना तिचा उजवा हात नीट वर जाईना. भावाने विचारले, तिने हसून टाळले. पण जेवणानंतर दौंडच्या धाकटीने तिला आत नेऊन विचारले तेव्हा कळले की छातीत गाठ आहे, आणि ती आखाडापासून आहे. दुखत नव्हती म्हणून ती गप्प होती. हा रोग आरंभी बहुधा दुखत नाही, यातच त्याचा घात आहे. शिवाय घरात मुलाचे शिक्षण चालू, शेतात कांद्याची लागण. आपल्यापायी खर्च नको, असे तिला वाटले.

तपासणी झाली, सुईने गाठीचा तुकडा काढून पाहिला गेला, निदान पक्के झाले. आणि मग त्या चार घरांत जो विषय निघाला तोच आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे : पैसे कोणी द्यावयाचे, आणि कोणत्या नात्याने?

या रोगाचा खर्च म्हणजे एकदा भरावयाचे बिल नव्हे, हे प्रथम ध्यानी घ्यावे. स्तनाच्या कर्करोगात बहुधा शस्त्रक्रिया, औषधांची सलाइने आणि किरणोपचार, ज्याला आपल्याकडे 'शेक' म्हणतात, अशा तीन गोष्टी मिळून उपचार होतो. सलाइने सहसा तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ वेळा द्यावी लागतात. शेक आठवड्यातून पाच दिवस, असे काही आठवडे चालतो. त्यानंतर पुष्कळांना पाच-पाच वर्षे रोजची गोळी घ्यावी लागते. म्हणजे औषधाचा पैसा एकीकडे आणि प्रवास, मुक्काम, सोबत्याची बुडालेली मजुरी, घरी मागे राहिलेल्यांचा स्वयंपाक हे सारे दुसरीकडे. दुसऱ्या बाजूची पावती कोणी देत नाही, म्हणून ती हिशेबात येत नाही. आणि घरे मोडतात ती बहुधा याच बाजूने.

थोरल्याने पहिल्याच शनिवारी एक दुभती गाय काष्टीच्या बाजारात नेऊन विकली. आम्हाला भेटला तेव्हा दावे हातात होते. भावाचे मन मोठे खरेच; पण आमचे मत आम्ही तेथेच बोलून दाखविले. दूध घालणारी गाय म्हणजे दर दहा दिवसांनी येणारा पैसा. दुखणे वर्षभराचे असताना वर्षभर देणारी वस्तू पहिल्या आठवड्यात विकू नये. धाकटा म्हणाला, सावकाराकडून शेकडा तीनने काढू. शेकडा तीन हे ऐकावयास हलके वाटते. ते दरमहाचे असते, म्हणजे वर्षाला छत्तीस. त्यापेक्षा बँकेत सोने तारण ठेवून काढलेले कर्ज पुष्कळ स्वस्त पडते. पण सोने म्हटले की प्रश्न आला तो वहिनीच्या पाटल्यांचा. त्याकडे पुढे येऊ.

दान आणि दाय

घरातले वडीलधारे म्हणू लागले, "भावाने बहिणीला एवढे दिले, धन्य त्याची." मेहुणे मात्र अवघडले. सासरच्या माणसाला माहेरचा पैसा घेताना मान खाली घालावी लागते अशी आपली समजूत आहे. बहीण तर म्हणाली, "दादा, मी हे फेडणार कशी?" म्हणजे देणाऱ्याने दान समजून दिले आणि घेणारीने ऋण समजून घेतले. दोघेही चुकत होते, असे आम्हाला वाटते, आणि हे आम्ही पोथ्यांच्या आधाराने म्हणतो.

संस्कृतात 'दान' आणि 'दाय' हे दोन निराळे शब्द आहेत. जे आपले आहे त्यावरचे स्वामित्व सोडून दुसऱ्याला देणे ते दान. दाय म्हणजे ज्या धनावर केवळ नात्यामुळेच हक्क उत्पन्न होतो ते धन. हा विचार नीट बांधला तो विज्ञानेश्वराने. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या काळी, कल्याणी नगरीत, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातील बसवकल्याणास, त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली आणि सुमारे आठशे वर्षे आपल्या महाराष्ट्रातले वाटे तिच्या आधाराने झाले. त्या स्मृतीत बापामागे भावांनी वाटणी करताना अविवाहित बहिणींना आपल्या अंशातून चतुर्थांश द्यावा असे सांगितले आहे. पुष्कळांनी त्याचा अर्थ 'लग्नापुरता खर्च करावा' असा लावला. विज्ञानेश्वर तो अर्थ मान्य करीत नाही. बहीण ही वाट्याची धनीण आहे, लग्नखर्चाची याचक नव्हे, असा त्याचा रोख आहे. कन्येला पुत्राइतका वाटा त्यानेही दिला नाही हे खरे. पण जे दिले ते हक्क म्हणून दिले, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरलो.

पुढचे काम कायद्याने केले. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला. मात्र त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. ९ सप्टेंबर २००५ पासून देशभर लागू झालेल्या दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद उरला नाही. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हा हक्क जन्माने आहे. २००५ साली वडील हयात होते की नव्हते याला महत्त्व नाही.

इतके असून खेडोपाडी काय होते? वडिलांचे दिवसकार्य आटोपले की तलाठ्याकडे नावे लावताना बहिणींना बोलावतात आणि हक्कसोडपत्रावर सही घेतात. बहीण हसतमुखाने सही करते. माहेर तुटू नये, वर्षाकाठी भाऊबीजेला कोणी तरी दारात यावे, एवढीच तिची अपेक्षा असते. यमुनेने मागितले तेच ती मागते. आमच्या हकीकतीतल्या दोन्ही बहिणींनी अशीच सही केलेली होती. तेव्हा आम्ही थोरल्याला म्हणालो, "बाबा रे, ज्या रानातल्या उसाचे बिल तू तिच्या औषधाला लावतो आहेस, त्या रानात तिचा वाटा होता. तो तिने तुला सोडला. आता तू देतोस ते दान कसे?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "असे कोणी सांगितले नव्हते, महाराज."

याचा अर्थ भावाला कोर्टात खेचावे असा कोणी काढू नये. उलट कायद्याच्या दुसऱ्या अंगाकडे पाहिले तर भावंडांना तेथे जागाच नाही. पोटगीच्या तरतुदीत, म्हणजे १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमात, पत्नी आहे, मुले आहेत, आईबाप आहेत; भाऊ नाही, बहीण नाही. आरोग्यविम्याच्या कौटुंबिक पॉलिसीतही बहुधा नवरा, बायको, मुले, फार तर आईवडील धरतात. आजारी बहिणीसाठी भावाने काही करावे असे कोणताही कागद सांगत नाही. ते सांगणारा आमच्या माहितीत एकच दिवस आहे, आणि तो आजचा.

वहिनीच्या पाटल्या

आता पाटल्यांविषयी. नणंदेच्या दुखण्यात वहिनीचे सोने मोडले जाते, आणि कीर्तनात नाव भावाचे होते. हा अन्याय आहे. स्त्रीधनावर पतीचा अधिकार नाही हे शास्त्राला मान्य आहे. दुष्काळ, आवश्यक धर्मकार्य, व्याधी आणि बंदिवास अशा संकटांत मात्र पतीने ते वापरले तर परत देण्याचे बंधन याज्ञवल्क्य त्याच्यावर घालीत नाही. 'व्याधी' हा शब्द पाहून कोणी घाईने म्हणेल की मग काय, सोने घ्यावे. पण तो शब्द त्या घरातल्या संकटापुरता आहे. दुसऱ्या घरी दिलेल्या बहिणीच्या आजारासाठी पत्नीचे धन न विचारता उचलावे असा त्याचा विस्तार आम्ही करणार नाही. विचारावे, तिने होकार द्यावा, आणि तो पैसा तिचा म्हणून वहीत लिहावा.

त्या घरी तसेच झाले. वहिनीने होकार देताना एक अट घातली. "ताईंना हे सांगायचे नाही" अशी ती अट असेल असे आम्हाला वाटले होते. ती नेमकी उलट होती. ती म्हणाली, "वन्संना सांगा. त्यांनी माझ्या बाळंतपणात तीन महिने केले आहे. मी फेडते आहे असे त्यांना कळू दे, म्हणजे त्यांना अवघड वाटणार नाही." शास्त्र्यांनी दान आणि दाय यांचा जो घोळ घातला असता तो या बाईने दोन वाक्यांत सोडविला.

पाटल्या बँकेत ठेवून कर्ज काढले. धाकट्या भावाने दर महिन्याच्या पगारातून व्याजाचा भार घेतला. दौंडच्या बहिणीकडे रोख पैसा नव्हता. तिने मुक्काम आणि डबा पत्करला. मेहुण्यांनी स्वतःच्या कांद्याचा पैसा घातला. आणि हे सारे एका साध्या शंभर पानी वहीत लिहिले. कोणाकोणाला ही वही पटली नाही. भावाबहिणींत कसला हिशेब, असे ते म्हणाले. आमचे मत असे की हिशेब नसतो तेथेच पुढे कुरबुर होते. दोन वर्षांनी "मी इतके केले, त्याने काय केले?" हा प्रश्न निघतो, आणि त्या वेळी ज्याचे नुसते कष्ट झाले, पैसा गेला नाही, त्याच्या वाट्याला काहीच येत नाही. या वहीत एक रकाना दिवसांचा होता. कोण किती दिवस सोबत राहिला तेही मांडले जाई.

जे घराबाहेर मिळते

घरातला पैसा काढण्याआधी, जो पैसा आपला म्हणून बाहेर ठेवलेला आहे तो मागावा. यात लाज नाही. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. पूर्वी तिची मर्यादा कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपये होती. २०२३ साली ती ५ लाखांपर्यंत वाढविण्याचे ठरले, आणि शिधापत्रिका पिवळी, केशरी की पांढरी हा भेदही काढला. येथे एक गोष्ट भावांनी लक्षात ठेवावी : योजनेतले कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवरचे कुटुंब. बहिणीचे नाव सासरच्या पत्रिकेवर असते. तेव्हा चालते ती तिच्या घरची पत्रिका, तुमची नव्हे. लग्नाला वीस वर्षे झाली तरी कित्येकींचे नाव एका पत्रिकेतून कमी होऊन दुसरीत चढलेले नसते. हे आजच, भाऊबीजेच्या जेवणानंतर, पत्रिका काढून पाहून घ्यावे. योजनेत असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसलेला असतो; उपचार सुरू होण्याआधी त्याला भेटावे, कारण हा उपचार निरोख आहे, रोख भरून मागाहून परत मागण्याचा नव्हे. सर्व तपासण्या आणि सर्व औषधे योजनेत बसतात असेही नाही. काय बसते आणि काय नाही हे आरंभीच विचारावे.

धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी शेकडा १० खाटा निर्धनांसाठी मोफत आणि शेकडा १० दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून लागू आहे. यासाठी उत्पन्नाचा दाखला लागतो. तो तहसील कचेरीतून आधीच काढून ठेवावा. मुख्यमंत्री सहायता निधी आहे. मुंबईच्या श्री सिद्धिविनायक मंदिराचा न्यासही गरजू रुग्णांना साहाय्य करतो. दानपेटीत आपण टाकलेला रुपया कोणाच्या तरी सलाइनात उतरतो, ही गोष्ट आम्हाला अभिषेकाइतकीच पवित्र वाटते.

प्रवासाचेही असेच. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान डब्यात भाडे पडत नाही, आणि सोबत्याला पाऊण भाडे माफ असते. रुग्णालयाचे प्रमाणपत्र मात्र हवे. ही सवलत नंतरच्या तपासण्यांनाही मिळते. दौंडहून दर तीन आठवड्यांनी दोघांनी जाणे-येणे, याचा वर्षाचा हिशेब करून पाहावा, म्हणजे ही सवलत किती मोठी आहे ते कळेल.

आमच्या भागातील पुष्कळ रुग्ण मुंबईस परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जातात. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. पाठोपाठ १९३२ साली दोराबजीही गेले. त्यांच्या न्यासाने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे रुग्णालय सुरू केले, आणि १९६२ पासून ते अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीसही नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग रुग्णालय आहे. ग्रामीण भागातल्या कर्करुग्णांची नोंद ठेवण्याचे काम तेथे १९८७ पासून झाले. कर्जत-श्रीगोंद्याच्या माणसाला मुंबईपेक्षा बार्शी जवळ. कोठे जावे हे डॉक्टरांनी ठरवावे. परंतु जवळ काय आहे हे विचारण्यास संकोच करू नये, कारण अंतर हाही खर्च आहे.

मुंबईत राहावे कोठे, हा सर्वांत कठीण प्रश्न. येथे आम्हा कीर्तनकारांनी एका कीर्तनकारापुढे हात जोडावेत. गाडगे महाराजांनी लोकांकडून मिळालेल्या पैशातून धर्मशाळा बांधल्या. १९५६ साली त्यांचा देह पडला, पण त्यांच्या नावाने दादरला चालणाऱ्या धर्मशाळेत आज परळला उपचार घेणारे कर्करुग्ण आणि त्यांचे नातलग अल्प खर्चात राहतात. परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदनही आहे. आमच्या हकीकतीतली बहीण धर्मशाळेत राहिली. तेथे सांगलीची एक बहीण भावाला घेऊन आलेली होती. म्हणजे येथे भाऊ रुग्ण आणि बहीण सोबती. तिने मजुरी सोडली होती आणि मुले जावेकडे ठेवली होती. ओवाळणीचे तबक दोन्ही बाजूंना फिरते ते असे.

औषधांच्या किमतीविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. २०१२ साली यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील एका औषधाची महिन्याची किंमत सुमारे २ लाख ८० हजार रुपये होती. सरकारने दुसऱ्या भारतीय कंपनीला ते बनविण्याचा सक्तीचा परवाना दिला, तेव्हा किंमत ८ हजार ८०० रुपयांवर आली. औषधाचा घटक तोच, नाव आणि किंमत निराळी, असे पुष्कळदा असते. "याच घटकाचे स्वस्त औषध मिळते का?" असे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. स्वतःच्या मनाने बदल करू नये.

आणि नवसांविषयी. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या याज्ञिकी चालली त्या घरातून आम्ही आलो आहोत, म्हणून हे सांगण्याचा आम्हाला अधिकार आहे. दुखणे कळल्यावर पहिल्या महिन्यात शांती, होम, अनुष्ठाने यांवर जो पैसा जातो तो अस्थानी आहे. जप घरच्या देवापुढे फुकट होतो, आणि देवाला तो पोहोचतो. कोणी मुळीचा काढा देतो म्हणून शस्त्रक्रिया पुढे ढकलणे तर आत्मघातच. देवावर श्रद्धा असलेल्या माणसाने आधी तारखेला रुग्णालयात हजर राहावे.

त्या बहिणीची शस्त्रक्रिया झाली, सलाइने झाली, शेक झाला. केस गेले होते ते पुन्हा आले. आता ते थोडे कुरळे आले आहेत, आणि त्यावरून भाचरे तिला चिडवतात. पाटल्या दीड वर्षाने सुटल्या. थोरल्याने पुढल्या उन्हाळ्यात काष्टीच्याच बाजारातून एक कालवड घेतली. हक्कसोडपत्राचे काय करावयाचे, यावर भावांचे अजून एकमत झालेले नाही. धाकटा म्हणतो रानातला एक तुकडा बहिणींच्या नावे करावा, थोरल्याला वाटते की नावावर नको, पण उत्पन्न द्यावे. बहिणी या विषयावर बोलत नाहीत. आम्ही धाकट्याच्या बाजूचे आहोत आणि तसे थोरल्याला सांगितले आहे.

वही अजून चालू आहे, कारण गोळ्या चालू आहेत. दर काही महिन्यांनी मुंबईस तपासणीला जावे लागते. पुढची तारीख पौषात आहे, आणि वहीतल्या दिवसांच्या रकान्याप्रमाणे या खेपेस सोबत जाण्याची पाळी दौंडच्या बहिणीची आहे.